तारेची तोंडी परीक्षा

पार्सल आले तेव्हा अनसूयाबाई बैठकीच्या खोलीत आपल्या वेताच्या खुर्चीवर बसून गल्लीचा कारभार पाहत होत्या. हा कारभार गल्लीने त्यांच्याकडे सोपवला होता असे नव्हे. पण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला कारभार कुणी सोपवावा लागत नाही, तो ती जिथे बसेल तिथे आपण होऊन येतो. खुर्ची दाराच्या बरोबर समोर होती. तिथून सगळी गल्ली दिसे, गल्लीच्या टोकाला देवळाकडे वळणारा चढ दिसे आणि त्या चढाच्या तोंडाशी हमखास चुकणारे यात्रेकरूही दिसत. बाई त्यांना बसल्या जागेवरून वाट सांगत आणि वाटेबरोबर, गरज भासल्यास, सदऱ्याची गुंडी लावायलाही सांगत. तुळजापुरात आईच्या दर्शनाला आलेली माणसे. त्यांनी नीटनेटके जावे एवढीच बाईंची इच्छा असे.

"कुणाचं पार्सल?" त्यांनी विचारले.

"माझं," म्हणत राघवेंद्रराव, म्हणजे बाईंचे यजमान, चपला न घालताच अंगणात धावले. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढ्या लगबगीने कुणी पाहिले नव्हते. त्यांनी खोके बैठकीत आणले, उघडले आणि आतून एक काळी पेटी काढली. पेटीत मखमल, आणि मखमलीवर जाडजूड, जांभळ्या विणीची एक तार वेटोळे घालून बसलेली.

"हे काय?"

"तार."

"ती दिसतेच आहे. पेटीत कशाला?"

"अगं, सीडी प्लेअरमधून ॲम्प्लिफायरकडं आवाज नेणारी तार आहे ही. सध्या आपण वापरतो ती प्लेअरबरोबर फुकट आलेली. तीतून जाता जाता निम्मा आवाज सांडतो."

"मग खाली भांडं ठेवायचं."

"थट्टा करू नकोस. जाणकार सांगतात, ह्या तारेनं तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तो झंकार, मोकळी होते. गाणाऱ्याच्या भोवतीची हवासुद्धा ऐकू येते."

"हवा आपल्या अंगणात भरपूर आहे. तिला ऐकायला पेटी लागत नाही. आणि तारेतून वीजच जाते ना? का पंचामृत?" बाईंनी पेटीकडे एक नजर टाकली, "हुं" केले आणि त्या पुन्हा गल्लीकडे वळल्या.

एवढ्यावर भागले असते. परंतु माणसाच्या हाती मखमलीची पेटी आली की त्याला घरही मखमलीचे हवेसे वाटू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी राघवेंद्ररावांनी विषय काढला. एवढी उंची तार मागच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांमध्ये वाया जाईल. तिला बैठकीची खोलीच हवी. दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत, ऐकणारा मधोमध, असा त्रिकोण जमला पाहिजे.

"मधोमध माझी खुर्ची आहे," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय. ती जरा माजघराच्या दाराशी सरकवली तर..."

बाईंनी कप खाली ठेवला. माजघराच्या दाराशी बसले की समोर दिसते ती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. उभे आयुष्य वर्गासमोर बसलेल्या बाईने उतारवयात टाकीसमोर बसायचे!

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ऐकून स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या गौराबाईचा हात थांबला. "फरक एवढा ढळढळीत असेल तर डोळे बांधून ओळखून दाखवा. कधी साधी तार जोडीन, कधी महागडी. सगळी उत्तरं बरोबर आली तर खोली तुमची. एक जरी चुकलं तर ती पेटी पुन्हा इथं दिसायची नाही."

"एक जरी?"

"तोंडी परीक्षेत ग्रेस मार्क नसतात."

राघवेंद्रराव कबूल झाले. न होऊन सांगतात कुणाला?

अनसूयाबाईंनी परीक्षेचे काम कधी ढिलाईने केले नव्हते. त्यांच्या केंद्रावर कधी चिठ्ठी सापडली नाही, कधी पेपर फुटला नाही. जिल्ह्यातले भले भले संस्थाचालक त्यांचे नाव ऐकले की सावरून बसत. नवऱ्याची परीक्षा म्हणून त्यात तसूभर सवलत होणार नव्हती. डोळे बांधले तरी माणूस जाता-येता बोटाने चाचपू शकतो, पट्टी सरकवून डोकावू शकतो. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याचे दोन सारखे पट्टे कापले आणि दोन्ही तारांना सारख्याच खोळी शिवल्या. पिनांचा प्रश्न नव्हता; आजकाल फुकटच्या वस्तूलाही सोनेरी मुलामा असतो. साधी तार काडीसारखी बारीक, महागडी बोटासारखी जाड; तेव्हा त्यांनी दोन्ही खोळींत कापूस भरून जाडी सारखी केली. तरी वजनात फरक राहिला. तो त्यांनी साध्या तारेच्या कापसात चिंचोके दडवून मिटवला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून खात्री करून घेतली. शेवटी आपली आपल्याला ओळख राहावी म्हणून साध्या तारेच्या टोकाला लाल दोऱ्याचा एक कच्चा टाका घालून त्याचे शेपूट मोकळे सोडले, दोन्ही तारा पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्या निर्धास्तपणे देवपूजेला बसल्या.

त्या घरात एक नियम होता. सुटा धागा दिसला की तो तिथल्या तिथे तोडायचा. हा नियम अनसूयाबाईंनीच घालून दिला होता आणि तो मोडल्याबद्दल गौराबाईने बोलणीही खाल्ली होती. पाटावरची इरकली खोळ, तिच्यातून लोंबणारे लाल शेपूट. गौराबाईने केर काढता काढता ते पाहिले, दातांनी खटकन तोडले, आणि एक बोलणे चुकवल्याच्या समाधानात ती पुढे सरकली.

परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक कोण, हा प्रश्न दैवानेच सोडवला. बेंबळीचा हिंमतराव बोरांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. हा बाईंचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना याला पाढे येत नसत. आता उसाचे मळे होते, ट्रॅक्टर होता आणि पोट बाईंच्या उंबऱ्यातून आत यायला जरासे आधीच निघत असे.

"बाई, घरची बोरं हायेत. म्हनलं देवाला आलोच हाय तर..."

"बस. हालायचं नाही. पर्यवेक्षक आहेस तू."

"म्या?" हिंमतरावाला घाम फुटला. "बाई, म्या आजवर त्या बाजूला कदीच बसलो न्हाय."

त्याला काम समजावून देण्यात आले. दर फेरीला बाई त्याला बोट दाखवणार. एक बोट म्हणजे साधी तार, दोन बोटे म्हणजे महागडी. राघवेंद्ररावांचे उत्तर जुळले की ताटात एक बोर टाकायचे. ते स्वतः भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर पंचा बांधून बसले. गौराबाई दारात टेकली. मांडीवर शाळेतली पितळी घंटा घेऊन बाईंनी पाटाकडे हात नेला, आणि तो तिथेच राहिला.

दोन खोळी, आणि लाल शेपूट कुठेच नाही.

त्यांनी एक तार उचलली, दुसरी उचलली. वजन सारखे. दाबून पाहिल्या. जाडी सारखी. कानाशी नेऊन हळूच हलवल्या. चिंचोके इतके घट्ट बसवलेले की एकही वाजेना. गुप्तता एवढी पक्की झाली होती की ती खुद्द परीक्षकालाही लागू पडली.

"काय झालं?" पंच्याआडून आवाज आला.

"परीक्षार्थींनी बोलायचं नाही!"

आता काय करावे? परीक्षा पुढे ढकलावी, तर कारण द्यावे लागेल. आणि 'प्रश्न कोणता ते परीक्षकालाच ठाऊक नाही' हे कारण अनसूयाबाईंच्या तोंडून, तेही हिंमतरावासमोर, निघणे शक्य नव्हते. त्यांनी मनाशी विचार केला: महागडी वस्तू आपण उजवीकडेच ठेवली असणार, आपली सवयच तशी. म्हणजे उजवीकडची महागडी. ठरले. एकदा बाईंचे ठरले की ते खरेच असते, असा त्या घरातला अनुभव होता.

त्यांनी उजवीकडची तार जोडली, हिंमतरावाला दोन बोटे दाखवली, "हुं" केले आणि घंटा दिली. स्पीकरमधून तानपुरा वाजू लागला.

राघवेंद्ररावांनी मान किंचित तिरपी केली. "महागडी," ते म्हणाले.

हिंमतरावाने ताटात बोर टाकले.

तार बदलली. घंटा. तोच तानपुरा.

"साधी."

बोर.

पुढच्या फेरीला बाईंनी तार काढल्यासारखे करून तीच पुन्हा जोडली. ही त्यांची जुनी खोडी. पोरे हमखास फसत.

"साधीच आहे की. बदलली कुठं?"

"आयला!" हिंमतराव म्हणाला आणि बाईंनी पाहताच त्याने जीभ चावली.

मग बाईंनी सलग महागडी ठेवून पाहिली, सलग साधी ठेवून पाहिली. राघवेंद्ररावांनी एकही उत्तर चुकवले नाही. बाईंचा चेहरा उतरत चालला. अखेरची घंटा झाली तेव्हा महागडी म्हणून धरलेली तार प्लेअरला जोडलेलीच होती.

"किती झाली?" बाईंनी विचारले.

हिंमतरावाने ताटाकडे पाहिले. ताटात नुसत्या बिया होत्या.

"बाई, त्ये... गानं ऐकता ऐकता हात ग्येला. पर बिया हायेत की सगळ्या. मोजा तुमी. न्हायतर ऱ्हाऊ द्या, चुकलं एक बी न्हाय. सायेबांचे कान हायेत का काय!"

अनसूयाबाई उठल्या. "परीक्षार्थी उत्तीर्ण," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने आपली खुर्ची उचलली आणि माजघराच्या दाराशी नेऊन ठेवली. जाहीर केलेला निकाल फिरवायचा नसतो.

राघवेंद्ररावांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. त्या भरात ते हिंमतरावाला म्हणाले, "तुला काय देऊ बोल!"

"काय नगं सायेब. पर ती साधी वायर आता तुमच्या कामाची न्हाय. माझ्या टॅक्टरवरच्या टेपाला असलीच लाल-पांढरी पिन लागती. जुनी वायर उंदरानं खाल्ली."

"घेऊन जा! खोळीसकट ने."

अशा रीतीने इरकली खोळीतली एक तार बैठकीत राहिली आणि दुसरी बेंबळीला गेली.

पुढचे दिवस अनसूयाबाईंना जड गेले. बैठकीत आता सकाळ-संध्याकाळ लोक येऊन बसत, आणि बसून गप्प राहत. राघवेंद्रराव एक हात वर करून सांगत, "हे ऐका. हे जे आत्ता सा लागताना आजूबाजूला मोकळं झालं ना, ती ह्या तारेची करामत." लोक माना डोलवत. पोस्टमनसुद्धा एकदा टपाल हातात धरून डोलला. बाई माजघराच्या दाराशी टाकीकडे पाहत बसत. गल्लीत कर्नाटकातून आलेली मंडळी चढ सोडून भलत्याच बोळात शिरत आणि तिथून परत येत. त्यांना हाक मारायला आता कुणी नव्हते. एकदा अशाच चुकलेल्यांचे बोलणे कानावर पडून बाईंनी माजघरातूनच "अहो, उजवीकडं वळा!" असा पुकारा केला, तर बैठकीतून उत्तर आले, "शूऽऽ. आलाप चालू आहे."

त्या घरात अनसूयाबाईंना कुणी 'शू' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग एका सकाळी गौराबाई केरसुणी घेऊन माजघरात आली. "बाईसाब, त्या गान्याच्या मशिनीमागं चिंचोके पडलेत बगा. खोळ उसवलीय कुठंतरी. ह्ये काय, तारंत बी आता चिंचोके घालत्यात व्हय?"

बाईंनी तिच्या तळहातावरचा चिंचोका घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिले.

चिंचोके साध्या तारेच्या खोळीत होते. म्हणजे बैठकीत जोडलेली तार साधी. म्हणजे परीक्षेत आपण जिला महागडी म्हटले ती साधी होती आणि जिला साधी म्हटले ती महागडी. ह्यांची सगळी उत्तरे आपल्याशी जुळली, त्याअर्थी ह्यांची सगळी उत्तरे चुकली!

खुर्ची परत मिळाली, असे वाटून बाई अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा बसल्या. कारण परीक्षकाच्या मनाने तोवर पुढचे पाऊल टाकले होते. आपण चुकलो ते चुकलोच. पण दोघेही प्रत्येक फेरीत अगदी एकसारखे कसे चुकलो? दोन उत्तरपत्रिकांत ओळीने सारख्याच चुका सापडल्या की त्याला शिक्षणखात्यात एकच शब्द आहे.

कॉपी.

पाठ फिरवलेली, डोळे बांधलेले, मग कॉपी कुणाच्या मदतीने? खोलीत आणखी कोण होते? बोटे कुणाला दिसत होती? आणि शाळेत पाढ्यांच्या वेळी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत कोण बसे?

त्यांनी हिंमतरावाला फोन लावला. "हिंमत, तुला दिलेली तार कुठं आहे?"

"टॅक्टरला हाय की बाई. म्या ढोकीला हाय, कारखान्यावर. उसाच्या गाड्यांची रांग लागलीय, आज नंबर लागंल असं वाटत न्हाय. का वो?"

"तिथंच थांब." बाईंनी बाजारातून एक नवी साधी तार घेतली, पिशवीत टाकली आणि राघवेंद्ररावांना सांगितले, "बाहेर जाते आहे. कुठं ते आल्यावर सांगेन." दोन एसट्या बदलून, दुपारचे ऊन डोक्यावर घेत त्या ढोकीला उतरल्या.

रांग रस्त्याच्या कडेने लांबपर्यंत गेली होती. ट्रॅक्टरला ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर ऊस, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर एक गाणे; शेजारच्याचे ऐकू येऊ नये एवढ्या मोठ्याने. बाईंनी छत्री मिटली आणि पहिल्या ट्रॅक्टरपाशी उभ्या राहून छत्रीचे टोक टेपाकडे रोखले. चालकाने टेप बंद केला. का केला हे त्यालाही कळले नाही. दुसऱ्याने केला, तिसऱ्याने केला. बाई पुढे जात गेल्या आणि त्यांच्यामागे रांग शांत होत गेली. शेवटी एकच टेप वाजत राहिला. त्याच्या मागून इरकली खोळ लोंबत होती आणि पुढे हिंमतराव ऊस चघळत बसला होता. बाईंना पाहून त्याने ऊस पाठीमागे लपवला.

"खाली उतर."

तो उतरला.

"परीक्षेत तू ह्यांना खुणा केल्यास. खरं बोल. खोकलास? पाय आपटलास? बोर टाकताना वेगळा आवाज केलास?"

"बाई, आईची आन! म्या का करीन?"

"त्या दिवशी सगळी उत्तरं चुकीची होती. महागडी तार ही आहे, तुझ्या टेपाची. माझ्याकडून अदलाबदल झाली होती. मला ठाऊक नव्हतं, ह्यांना ठाऊक नव्हतं, आणि तरी दोघांची चूक एक. मध्ये तूच होतास."

हिंमतरावाने त्या तारेकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले, आणि त्याला एकाएकी सगळे उमगले. तो मांडीवर थाप मारून हसू लागला. मग समोर कोण आहे ते आठवून त्याने हसू गिळले.

"सांगू का न्हाय? रागवाल तुमी."

"सांग."

"बाई, खून तुमीच करत हुता."

"मी?"

"त्या म्हागड्या तारंचा तुमाला राग. ती लावली, म्हंजी तुमाला वाटलं ती लावली, की तुमी नाकातनं 'हुं' करायच्या. दुसरी लावली की गप घंटा. म्या बोटाकडं बगायचंच सोडून दिलं हुतं. सायेब इतकी वर्सं तुमच्यासंगट हायेत. त्येन्ला कळंना व्हय?"

बाईंनी छत्री जमिनीवर टेकवली. "मी 'हुं' करते?"

"लई वर्सांपासनं! शाळंत बी तसंच. तोंडी परीक्षेला तुमी इचारायच्या, 'नऊ सत्ते?' आमी आंदाजानं सुरू करायचो, 'एकोनसाट...' तुमी 'हुं' केलं की पुडं सरकायचं. 'एकसस्ट', 'हुं'. 'त्रेसस्ट', गप. म्हंजी बराबर! आख्खा वर्ग त्येच्यावर पास झालाय बाई. म्हनून तर आमच्या शाळंत कदी चिट्टी घावली न्हाय. चिट्टी लागतीय कुनाला?"

मागच्या ट्रॅक्टरवरचा चालक खो खो हसला. बाईंनी वळून पाहिले. तो एकदम ऊस मोजू लागला.

अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढून वर्गांमागून वर्ग जात होते. केस चोपडलेली, नखे कापलेली पोरे, आणि प्रत्येकाची नजर पाटीवर नव्हे, पुस्तकावर नव्हे, तर त्यांच्या नाकावर. पेपर एकदा नव्हे, रोज फुटत होता. आणि फोडणारी व्यक्ती रोज मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसत होती.

"नऊ सत्ते?" त्यांनी एकदम विचारले.

हिंमतरावाने सवयीने त्यांच्या नाकाकडे पाहिले. बाईंनी पदर तोंडावर घेतला.

"...त्रेसस्ट," तो घाबरत म्हणाला. "आता येतंय बाई. कारखान्याला ऊस घालतो म्या. वजन चुकलं तर चालतंय व्हय?"

"तार सोड."

त्याने मुकाट्याने महागडी तार सोडली. नवी घेताना मात्र तो अडला. "खोळ ऱ्हाऊ द्या बाई. तुमच्या हातची हाय." बाईंनी तिथेच, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभ्या राहून खोळ कापसासकट नव्या तारेवर चढवून दिली आणि ती घट्ट बसली आहे का हे दोनदा ओढून पाहिले.

परतीच्या एसटीत त्यांच्या पिशवीत महागडी तार होती आणि मनात दोन वाटा. घरी जाऊन म्हणावे, 'निकाल रद्द, उत्तरे सगळी चुकीची'. खुर्ची जागेवर येते. पण मग कारण सांगावे लागते, आणि ते कारण गल्लीभर होते. नाही तर गप्प बसावे. नाव शाबूत राहते आणि जन्मभर टाकीचे दर्शन घडते. धाराशिवचा स्टँड येईपर्यंत त्या पहिल्या वाटेवर होत्या, तिथे चहा घेईपर्यंत दुसऱ्या. आणि तुळजापूरचा घाट चढताना त्यांना आठवले की आपण पोरांना आयुष्यभर तिसरेच काहीतरी शिकवले होते. चूक झाली तर उभे राहून सांगायचे.

राघवेंद्रराव बैठकीत त्रिकोणाच्या टोकावर डोळे मिटून बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"निकाल रद्द करते आहे," त्या म्हणाल्या. "पेपर फुटला होता. माझ्याकडून फुटला." आणि त्यांनी चिंचोक्यांपासून नऊ सत्ते त्रेसष्टपर्यंत सगळे, काही न गाळता, सांगितले.

राघवेंद्ररावांनी गाणे बारीक केले. "म्हणजे इतके दिवस मी फुकटचीच तार ऐकत होतो?"

"हो."

"आणि हवा? ती मोकळी झालेली?"

"तुमची तुम्हीच मोकळी केलीत."

त्यांनी पायांकडे पाहत म्हटले, "आता खरं सांगतो. त्या दिवशी पहिल्याच फेरीला मला काही म्हणता काही कळलं नाही. भीती वाटली, आता पेटी गेली. तेवढ्यात तुझं ते 'हुं' ऐकू आलं. मग मी तार ऐकायचं सोडलं आणि तुलाच ऐकत बसलो. तार कुठली ते मला कधी कळलं नाही. तू कुठली समजतेस ते मात्र चोख कळत होतं."

"म्हणजे कॉपी."

"कॉपी," त्यांनी कबूल केले. "सामान हलवतो मागं."

ते उठले. बाई दमल्या होत्या. मोकळी झालेली मधली जागा समोर होती, त्या तिथे बसल्या. राघवेंद्रराव स्पीकरमागे वाकून तार उपटणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा. ते कोण गातंय?"

"पहाटेचा ललत राग आहे, पण आत्ता ऐकावासा वाटला."

"संपू द्या. मध्येच उठवू नये कुणाला." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आवाज कमी-जास्त कशानं होतो?"

"ह्या रिमोटनं."

"इकडं आणा."

राघवेंद्ररावांनी रिमोट त्यांच्या हातात दिला. ही चूक पुढे त्यांच्या लक्षात आली.

कारण दुसऱ्या दिवशी सामान हलले नाही. हलली ती वेताची खुर्ची. ती माजघरातून पुन्हा बैठकीत आली आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, त्रिकोणाच्या टोकावर स्थानापन्न झाली. तिथून गल्ली दिसत होतीच, चढही दिसत होता. शिवाय येणाऱ्याने आधी गप्प बसायचे, ही नवी शिस्त आपोआप लागलेली होती, आणि बाईंना ती मनापासून पसंत पडली. इतकी चांगली शिस्त त्यांना शाळेतही साधली नव्हती. वेळापत्रक ठरले. सकाळी अभंग, दुपारी विश्रांती, संध्याकाळी आरत्या. रागदारीचाही तास ठेवण्यात आला, परंतु त्यात गायकांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळवला की बाई, "कळलं, पुढं चला," असे म्हणून बटण दाबत. महागडी तार जोडलेली आहे की साधी, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. आणि आता त्या 'हुं'ही करत नसल्यामुळे कुणाला कळायला मार्ग उरला नाही.

राघवेंद्रराव काही दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तिथे फक्त डावा स्पीकर ऐकू येई. मग एक दिवस ते मागच्या खोलीत गेले आणि कणग्यांवरच्या फळीवरून त्यांनी वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, पुसला, सेल घातले आणि कानाशी धरला. खरखर फार होती. पण त्या खरखरीत कुणीतरी दूरवर मनसोक्त, एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळवत होते, आणि त्याला 'पुढं चला' म्हणणारे कुणी नव्हते.

गौराबाई धान्य काढायला आली तेव्हा ते पोत्याला टेकून डोळे मिटून बसले होते.

"सायेब, ह्येला तार कुठाय?"

"नाही," राघवेंद्रराव डोळे न उघडता म्हणाले. "म्हणून तर इथं बसलोय. दार लोटून घे."